तीर्थनच्या काठी : गुशैणी, रोला आणि जलोरी

सोमवार : औट ते गुशैणी

चंदीगडहून मनालीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या औटच्या बोगद्यात शिरतात, तीनेक किलोमीटरचा डोंगर पोटातून पार करतात आणि कुलूच्या दिशेने निघून जातात. बोगद्यात न शिरता त्याच्या तोंडाशी जो दुसरा रस्ता फुटतो, तो लारजी, बंजार आणि जलोरी जोत (जोत म्हणजे डोंगरमाथ्यावरची खिंड) असे करत पुढे सतलजच्या खोऱ्यात उतरतो. याच रस्त्याने मे महिन्याच्या अखेरीस आम्ही हिमाचलमधील तीर्थन नदीच्या खोऱ्यात आलो : मी, माझी बहीण आणि तिची आठवीत गेलेली मुलगी. बहिणीला पक्षी पाहण्याची आवड, भाचीला पाण्याची आणि मला नद्यांची. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची यादी न करता सुटीचे सगळे दिवस मोकळ्या हवेत, पायी आणि नदीजवळ घालवायचे, एवढेच आम्ही ठरवले होते.

लारजीला तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या बियासला मिळतात. बियासचे पाणी तेथे १२६ मेगावॉटच्या लारजी वीजप्रकल्पासाठी अडवलेले आहे, आणि शेजारच्या सैंज खोऱ्यात वर गेले तर ५२० मेगावॉटचा पार्वती टप्पा तीन आणि १०० मेगावॉटचा सैंज असे दोन मोठे प्रकल्प उभे आहेत. तीर्थनवर मात्र एकही मोठे धरण नाही. या नदीवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातील गावकरी यांनी दीर्घकाळ लढा दिला, न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर राज्य सरकारने तीर्थन प्रकल्पांपासून मुक्त ठेवण्याचे मान्य केले. एका डोंगरी तालुक्यातील लोकांनी रस्ते, ठेके आणि नोकऱ्या यांचे आश्वासन समोर असताना वाहते पाणी निवडले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढच्या प्रत्येक दिवशी आम्ही जे जे काही केले, त्याच्या मुळाशी हा निर्णय होता आणि तो आम्हाला पदोपदी जाणवत राहिला.

बंजार हे तालुक्याचे गाव; बाजार, बँका, औषधांची दुकाने आणि बसस्थानक सगळे येथे आहे, आणि पुढे गुशैणीकडे जाताना लागणारी किराणा खरेदी येथेच करून घेणे सोयीचे असते. बंजारहून नदीच्या कडेने दहाएक किलोमीटर वर गेले की गुशैणी येते. फलाचन नावाची दुसरी नदी येथे तीर्थनला मिळते, संगमाजवळ गाडादुर्गेचे मंदिर आहे, आणि दोन्ही काठांवर सफरचंद, जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागांमधून लाकडी घरे विखुरलेली आहेत. गाव जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे, परंतु येथे ते दरीच्या तळाशी बसलेले दिसते, कारण भोवतीचे डोंगर सरळ तीन हजार मीटरच्या वर चढत जातात.

आमचे मुक्कामाचे घर नदीच्या पलीकडच्या काठावर होते. बाजूला अक्रोडाची दोन जुनी झाडे, पुढे दगडी अंगण, आणि अंगणाच्या पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. घरमालकीण बाईंनी पहिल्या संध्याकाळी राजमा, भात आणि लिंगडीची भाजी वाढली. लिंगडी म्हणजे ओलसर जागी उगवणाऱ्या नेच्याचे, पान उलगडण्यापूर्वीचे गुंडाळलेले कोंब. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावातील बाया ते रानातून खुडून आणतात. चवीला ती कोवळ्या फरसबीच्या जवळची, पण थोडी अधिक बुळबुळीत, आणि गरम भाताबरोबर उत्तम लागते.

मंगळवार : गळ, पाळणा आणि डोह

बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नदीचा दिवस कसा असतो, हे सकाळी लवकर उठल्याशिवाय कळत नाही. रात्री वरच्या डोंगरांवरील बर्फ वितळणे मंदावते, त्यामुळे पहाटे पाणी उतरलेले आणि तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतके नितळ असते. दुपारी ऊन तापले की वितळलेले पाणी खाली यायला वेळ लागतो आणि संध्याकाळकडे नदी चढते. आमच्या वाटाड्याने, गावातल्याच विशीतल्या एका तरुणाने, सकाळी सात वाजता पाण्याच्या रेषेवर एक चपटा दगड ठेवला आणि भाचीला त्यावर लक्ष ठेवायला सांगितले. चार वाजता तो दगड घोटाभर पाण्याखाली गेला होता. नदीत उतरायचे ते सकाळी उशिरा, ऊन अंगावर असताना, आणि दुपार कलायच्या आत बाहेर यायचे, हा नियम तिला त्या दगडामुळे जितका पटला तितका तो कोणाच्या सांगण्याने पटला नसता.

सकाळचा वेळ ट्राउटसाठी होता. तपकिरी ट्राउट हा मूळचा युरोपातील मासा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तो कुलूच्या नद्यांत सोडला आणि थंड, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात तो येथलाच होऊन गेला. तीर्थनमध्ये तो आजही स्वतःच्या बळावर वाढतो. गळ टाकण्यासाठी मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने माशांच्या विणीचे असल्यामुळे त्या काळात मासेमारी बंद असते. वाटाड्याने परवाने आदल्या दिवशीच काढून ठेवले होते.

ट्राउट धरणे हे मुख्यतः पाणी वाचण्याचे काम आहे. मासा प्रवाहाच्या मधोमध उभा राहत नाही. मोठ्या धोंड्याच्या मागे, जेथे वेगवान धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात, त्या शिवणीवर तो तोंड वरच्या दिशेला करून थांबतो, म्हणजे फारसे बळ न लावता वाहून येणारे किडे त्याला मिळतात. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचे, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि गळ धोंड्याच्या वरच्या बाजूला टाकून धारेबरोबर खाली येऊ द्यायचा. भाचीने पहिल्यांदा टाकलेले अनेक गळ काठावरच्या झुडपांत अडकले. वाटाड्या प्रत्येक वेळी शांतपणे जाऊन दोरा सोडवत होता आणि तिच्या मनगटाला धरून पुन्हा दाखवत होता : मागे नेताना थांबा, दोरा मागे पूर्ण सरळ होऊ द्या, मग पुढे सोडा.

नऊच्या सुमारास तिच्या काठीचे टोक वाकले. मासा वीतभर लांबीचा होता, पिवळसर तपकिरी अंगावर काळे ठिपके आणि कडेने काही लाल ठिपके, ज्यांच्याभोवती फिकट निळसर वलय होते. वाटाड्या घाईने म्हणाला, "आधी हात ओले करा, मगच त्याला धरा." माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघून जातो आणि मग सोडलेला मासाही पुढे बुरशी लागून मरतो. तिने दोन्ही हात पाण्यात बुडवले, मासा पाण्याबाहेर फारसा न काढता गळ अलगद सोडवला, आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतः निसटेपर्यंत वाट पाहिली. "मामा, तो माझ्या हातात श्वास घेत होता," एवढेच ती म्हणाली. येथील जाणते लोक मासा धरून सोडण्याचाच आग्रह धरतात; ताटातली ट्राउट हवी असेल तर खोऱ्यातील मत्स्यबीज केंद्रांत आणि तळ्यांत वाढवलेली इंद्रधनुषी ट्राउट मिळते.

या खेळाचा नदीच्या मोकळेपणाशी असलेला संबंध काठावर उभे राहिले की स्पष्ट दिसतो. डोंगरातल्या वीजप्रकल्पात पाणी वरच्या बंधाऱ्यापाशी उचलून बोगद्यातून कित्येक किलोमीटर खाली नेले जाते, आणि मधला नदीचा पाट बहुतांश वर्ष तुटपुंज्या धारेवर राहतो. ट्राउटला विणीसाठी हिवाळ्यात वरच्या लहान ओढ्यांकडे जावे लागते, तिला खडीचा स्वच्छ तळ लागतो. बंधारा या दोन्हींच्या आड येतो. तीर्थनमध्ये ती वाट अजून खुली आहे.

अकरानंतर ऊन चांगले तापल्यावर आम्ही डोहाकडे गेलो. संगमाच्या वरच्या अंगाला, एका वळणावर, धार मोठ्या खडकाला टेकून बाजूला संथ पाणी साठते. पाणी इतके थंड असते की पहिल्या क्षणी श्वास अडकतो, म्हणून उडी न मारता पायापासून हळूहळू उतरावे लागते, आणि उत्तम पोहणाऱ्यानेही चारपाच मिनिटांनी बाहेर येऊन तापलेल्या खडकावर अंग शेकावे, असे वाटाड्याने बजावले होते. मुख्य धारेच्या जवळ जाण्यास त्याने सक्त मनाई केली. अशा नद्यांत दरवर्षी पर्यटकांचे जीव जातात ते बहुधा गोट्यांवरच्या शेवाळावरून घसरून धारेत पडल्यामुळे, आणि गुडघाभर पाण्याचा जोरही माणसाला उभे राहू देत नाही.

नदी ओलांडण्यासाठी पलीकडच्या काही घरांना आजही पूल नाही. तारेवर कप्पीने लटकलेला लोखंडी पाळणा असतो, त्यात बसायचे आणि दोराने ओढून घ्यायचे. घरचे दूध, सिलिंडर, शाळेची मुले, सफरचंदाच्या पेट्या सगळे त्यातूनच जाते. हल्ली दोरावरून नदी पार करण्याचा हा प्रकार पर्यटकांसाठी साहसी खेळ म्हणूनही चालवला जातो, आणि शिरस्त्राण व दुहेरी दोर यांची व्यवस्था नीट असेल तर तो लहान मुलांनाही करता येतो. राफ्टिंग मात्र तीर्थनमध्ये होत नाही. पात्र अरुंद आहे आणि धोंडे फार. त्यासाठी भुंतर-कुलूच्या बाजूला बियासवर जावे लागते.

संध्याकाळ एका गोष्टीने बिघडली. खालच्या अंगाच्या एका तंबूछावणीत ध्वनिवर्धक लावून रात्री उशिरापर्यंत गाणी चालू होती, आणि सकाळी त्यांच्या काठावर प्लास्टिकच्या बाटल्या व कागदी ताटल्या पडलेल्या दिसल्या. ज्या नदीला वाचवण्यासाठी येथील लोकांनी इतकी वर्षे खर्ची घातली, तिच्या काठावर असे वागणे हा त्यांच्या कष्टांचा उघड अपमान आहे, असे मी त्या वेळीही म्हटले आणि येथेही लिहितो.

बुधवार : रोल्यापर्यंतची वाट

आजचा दिवस चालण्याचा. गुशैणीहून तीर्थनच्या काठाने वर गेले की ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते, आणि हद्दीच्या तोंडाशीच रोला हे मुक्कामाचे ठिकाण आहे. दहाएक किलोमीटरची ही वाट फार चढाची नाही. रोला दोन हजार मीटरच्या थोडे वर आहे. उद्यानात शिरण्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो. तो बंजार-गुशैणी रस्त्यावरील साईरोपा येथील कार्यालयातून मिळतो. आम्ही सकाळी सहाला निघालो.

पहिला तासभर वाट वस्तीतून जाते. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गहू आणि जव पिकून पिवळे झाले होते, आणि बाया पाठीला किल्टा, म्हणजे वर रुंद व खाली निमुळती बांबूची टोपली, लावून चारा घेऊन येत होत्या. अंगावर पट्टू, म्हणजे गुंडाळून नेसायचे लोकरी वस्त्र, डोक्याला रुमाल, आणि तोंडाने एकमेकींशी अखंड बोलणे. चढावरही त्यांचा श्वास मोडत नव्हता. गावे संपली की खनोरची, म्हणजे पहाडी चेस्टनटची, झाडे सुरू होतात. मेमध्ये ती फुलावर असतात : पांढरे उभे तुरे, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक, आणि त्यांवर मधमाश्यांचा एवढा गुंजारव की काही ठिकाणी नदीचा आवाजही मागे पडत होता.

बहिणीला आज दुर्बीण खाली ठेवता आली नाही. नदीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या धोंड्यावर पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट शेपटी हलवत बसलेला होता. परंतु तिने सर्वांत जास्त वेळ दिला तो ब्राउन डिपरला. चॉकलेटी रंगाचा, आखूड शेपटीचा, गुबगुबीत असा हा पक्षी धोंड्यावर उभा राहून गुडघे वाकवल्यासारखा वरखाली होतो आणि मग सरळ पाण्यात शिरतो. आमच्यापासून दहा पावलांवर तो आत गेला. नितळ पाण्यातून तो तळाच्या गोट्यांना नखांनी धरत, पंख अर्धवट उघडून, प्रवाहाविरुद्ध चालताना दिसत होता. गोट्याखालची अळी चोचीत धरून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पिसांवर पाण्याचा थेंबही राहिला नव्हता. गढूळ किंवा तुटक धारेच्या नदीत हा पक्षी राहत नाही, कारण त्याचे सगळे अन्न स्वच्छ वाहत्या पाण्यातील किड्यांवर असते. पुढे ओढ्याच्या अंधाऱ्या घळीतून निळ्या शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू आली. त्याचा सह्याद्रीतला भाऊबंद पावसाळ्यात आंबोली-भीमाशंकरला पहाटे गातो, तो आवाज आम्हा तिघांच्या ओळखीचा होता. येथली शीळ त्याहून खर्जातली आणि कमी सुरेल वाटली, परंतु पाण्याच्या गर्जनेवर चढून ती दूरपर्यंत पोचत होती.

वाटेत दोनदा लाकडी पुलांवरून नदी ओलांडावी लागते. दुसऱ्या पुलानंतर देवदार आणि कैल या पाइनच्या झाडांची सावली दाट होते, हवेत राळेचा वास येतो, आणि समोरच्या काठावरचे कडे सरळ उभे राहतात. तेथेच वाटाड्याने बोट दाखवले : गवताळ कड्यावर घोरलची, म्हणजे शेळीसारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्याची, एक मादी आणि पिल्लू, दोन्ही दगडाच्या रंगाची. त्यांनी हालचाल केली नसती तर ती आम्हाला दिसलीच नसती.

उद्यानाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. १९८४ मध्ये ते जाहीर झाले, अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. आपला पश्चिम घाट त्याच्या दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, त्या यादीत गेला होता. वारसास्थळाचे क्षेत्र ९०५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात हिमबिबट्या, तपकिरी अस्वल, कस्तुरीमृग, भरल ही रानमेंढी, हिमालयीन थार ही रानशेळी हे सगळे राहतात. येथील सर्वांत मोलाचा पक्षी म्हणजे पश्चिमी ट्रॅगोपन, ज्याला लोक जुजुराणा, पक्ष्यांचा राजा, म्हणतात; सगळ्या पक्ष्यांनी आपले एकेक सुंदर पीस देऊन तो घडवला, अशी कथा आहे. तो हिमाचलचा राज्यपक्षीही आहे. तो वरच्या ओक आणि रिंगाळ बांबूच्या जंगलांत राहतो, त्यामुळे रोल्यापर्यंतच्या वाटेवर तो दिसण्याची अपेक्षा नव्हतीच.

हे रक्षण फुकट झालेले नाही. अंतिम अधिसूचनेबरोबर आसपासच्या गावांचे मेंढ्या चारण्याचे आणि औषधी मुळ्या, गुच्छी नावाची रानअळिंबी, धूप गोळा करण्याचे पूर्वापार हक्क थांबले, आणि ज्यांच्या घरात रोख पैसा फक्त त्यातूनच येत असे त्यांना त्याचा मोठा फटका बसला. त्यानंतर सभोवतालच्या गावांमध्ये स्त्रियांचे बचतगट उभे राहिले, गांडूळखत, जर्दाळूच्या बियांचे तेल, विणकाम अशा कामांतून थोडे उत्पन्न मिळू लागले, आणि तरुण वाटाडे, हमाल, स्वयंपाकी म्हणून पर्यटकांबरोबर जाऊ लागले. आमच्या वाटाड्याचे आजोबा मेंढपाळ होते. ज्या कुरणांत ते कळप घेऊन जात, त्या वाटा आता तो दुर्बीण घेतलेल्या लोकांना दाखवतो. गावाबाहेरच्या कंपनीकडे पैसे न भरता गावातलाच माणूस सोबत घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जंगलाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापर्यंत तिचा काही भाग परत पोचण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

रोल्याला वनखात्याची लहानशी झोपडी आणि नदीकाठची सपाट जागा आहे. आम्ही पराठे आणि आंब्याचे लोणचे खाल्ले, तासभर नदीकाठी बसलो, आणि दुपारी दोनला परतीला लागलो. येथून पुढे शिल्टकडे चढणारी वाट आणि त्यापुढे तीर्थनच्या उगमाकडे, तीर्थ नावाच्या जागेकडे, जाणारा अनेक दिवसांचा ट्रेक आहे. त्यासाठी तंबू, शिधा आणि हमाल यांची तयारी लागते.

गुरुवार : घराट

पाय दुखत होते, त्यामुळे आज गावातच राहिलो. दुपारी घरमालकीण बाई गहू दळायला निघाल्या, म्हणून आम्हीही गेलो. घराट म्हणजे पाणचक्की. नदीच्या एका फाट्यावरून पाणी लाकडी पन्हाळीने उतरते, खाली आडव्या बसवलेल्या पात्यांच्या चाकावर आदळते, आणि चाकाच्या उभ्या कण्यावर बसवलेली वरची तळी गरगर फिरते. धान्याची टोपली तळीच्या वर टांगलेली असते आणि तिला बांधलेली एक लाकडी काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगडाच्या खडबडीतपणाने काडी सतत टकटक हलते आणि त्या हादऱ्याने मूठमूठ दाणे तळीच्या भोकात पडत राहतात. पाणी वाढले की दगड वेगाने फिरतो, काडी जास्त हलते, दाणे जास्त पडतात. माणसाने हात लावण्याची गरज नाही. पीठ हाताला जेमतेम कोमट लागले. विजेच्या गिरणीत ते चटका बसण्याइतके तापते, आणि म्हणूनच घराटच्या पिठाची भाकरी गोड लागते, असे बाई म्हणाल्या.

त्याच पिठाचे रात्री सिड्डू झाले : आंबवलेल्या कणकेत अक्रोड आणि खसखशीचे वाटण भरून वाफवलेले, वर साजूक तुपाची धार.

शुक्रवार : चैहणी कोठी

बंजारच्या वरच्या डोंगरावर चैहणी हे गाव आहे आणि गावाच्या मध्यभागी दगड व देवदाराच्या तुळयांचा एक उंच बुरूज. काठकुणी पद्धतीच्या या बांधकामात चुना किंवा सिमेंट नसते. दगडांचा एक थर, त्यावर लाकडी तुळयांचा एक थर, कोपऱ्यांत तुळया एकमेकींत अडकवलेल्या, असे ते वर चढत जाते. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात बुरुजाचे वरचे मजले पडले, परंतु बाकीचा बुरूज उभा राहिला, कारण लाकूड वाकते आणि दगडांना सैल हलण्यास जागा देते. वरच्या दाराशी जाण्यासाठी एका अखंड ओंडक्यात पायऱ्या कोरलेली शिडी लावलेली आहे. खाली बागी येथे शृंगी ऋषींचे मंदिर आहे. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करणारे ऋष्यशृंग ते हेच, असे येथे मानतात. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, पण उघड्या उन्हातला आहे. पाणी बरोबर ठेवावे.

परतताना रस्त्याकडेला एका बागेत चेरीची तोडणी चालू होती. बागवानाने भाचीला शिडीवर चढू दिले आणि देठासकट फळ कसे खुडायचे ते दाखवले, कारण देठ तुटला की तेथून रस गळतो आणि पेटीतली शेजारची फळेही सडतात. तासाभरात तिने एक परडी भरली आणि तिची किंमत बागवानाने घेतली नाही.

शनिवार : जलोरी जोत आणि सेरोलसर

जिभी आणि शोजा मागे टाकून जलोरीला जाणारा रस्ता चढाला फार कडक आहे. शेवटच्या टप्प्यात लहान गाड्याही पहिल्या गिअरवर जातात. जोत सुमारे ३१२० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. माथ्यावर कालीचे मंदिर, चार-पाच ढाबे आणि उत्तरेला स्वच्छ हवा असेल तर हिमशिखरांची रांग.

जोताहून सेरोलसर तलावाकडे पाचेक किलोमीटरची वाट खरसू ओकच्या जंगलातून जाते. चढउतार थोडा, वाट रुंद, त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान मुले यांच्यासह कुटुंबेच्या कुटुंबे चालताना दिसतात. ओकची खोडे शेवाळाने मढलेली आणि पाने काटेरी. खाली गेल्या वर्षीच्या पानांचा जाड थर, त्यावरून चालताना पाय गादीवर पडल्यासारखा दबतो. तलाव लहान, गोल आणि पूर्णपणे झाडांच्या कुशीत आहे. काठावर बूढी नागिणीचे मंदिर आहे. गावोगावचे लोक आपल्या गाईचे तूप येथे अर्पण करतात. भोवती एवढी झाडे असूनही पाण्यावर पान दिसत नाही. पडलेले प्रत्येक पान एक चिमणीएवढा पक्षी उचलून नेतो, अशी श्रद्धा आहे. लोक चपला काढून काठाने प्रदक्षिणा घालतात, पाण्यात कोणी उतरत नाही, आणि काठावर एकही बाटली नव्हती. मंगळवारच्या त्या छावणीची आठवण मला येथे झाली; देवतेच्या धाकाने जे साधते ते नदीच्या बाबतीत नागरिकपणाने साधायला हवे.

भाची आणि मी परत आल्यावर विरुद्ध दिशेच्या रघुपूर गडावरही गेलो. किल्ल्याच्या भिंतींचे अवशेष थोडेच उरले आहेत, परंतु माथ्यावरचे कुरण विस्तीर्ण आहे आणि गड्डी मेंढपाळांचे कळप तेथे चरत होते. मुक्काम शोजाला केला. रात्री दोन रजया लागल्या.

रविवार : आनी, लुहरी

परतीसाठी आम्ही आलेला रस्ता न घेता जलोरी ओलांडून खनाग, आनी असे दक्षिणेकडे उतरलो. तीन तासांत देवदार संपून निवडुंग आणि उष्ण वारे सुरू झाले. लुहरीला सतलज लागते : राखाडी, गाळाने जड, आणि तिच्यावर लुहरी प्रकल्पाच्या २१० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्याचे काम वरच्या अंगाला चालू आहे. तेथून नारकंडामार्गे शिमला गाठता येतो.

या खोऱ्यात उन्हाळ्यात यायचे असेल तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ निवडावा. बुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुले हवी असतील तर एप्रिल, चेरी आणि जर्दाळू हवे असतील तर मेअखेर ते जून. पावसाळा लागला की डोंगर सुटतात आणि ओढे एका तासात भरतात. जुलै २०२३ च्या पुरात कुलू जिल्ह्यातील रस्ते, पूल आणि घरे यांची फार मोठी हानी झाली, आणि नदीच्या पात्राला लागून उभारलेल्या बांधकामांना सर्वांत आधी फटका बसला. म्हणून मुक्कामाचे घर निवडताना ते पाण्यापासून किती उंचीवर आहे, हे आधी विचारून घ्यावे. दिल्ली-मनाली बसने औटला उतरले की बंजारची बस मिळते, आणि बंजारहून गुशैणी व बठाडकडे हिमाचल परिवहनच्या गाड्या जातात. स्वतःचे वाहन नसले तरी काही अडत नाही. गळाचा आणि उद्यानाचा परवाना आदल्या दिवशी काढावा, कारण दोन्ही कार्यालये सुटीच्या दिवशी बंद असू शकतात.